स्वार्थ आणि विध्यर्थ : पॉल व्हरहूवनच्या चित्रपटांचे भाषिक स्वरूप

१

साहित्यिकाने भाषा बदलली म्हणजे त्याच्या कलेचे काय होते, हा प्रश्न समीक्षेला परिचित आहे. पोलिश मातृभाषा असलेल्या कॉनरॅडच्या इंग्रजी कादंबऱ्या किंवा आयरिश बेकेटची फ्रेंच नाटके यांच्या निमित्ताने तो पुष्कळदा चर्चिला गेला आहे. चित्रपट-दिग्दर्शकाच्या बाबतीत मात्र तो सहसा कोणी विचारीत नाही. चित्रपट ही दृश्यप्रधान कला. तिच्यातील संवादांचे काम पडद्याखालच्या अक्षरपट्टीने भागते. म्हणून दिग्दर्शकाने भाषा बदलणे ही केवळ व्यवसायातील घटना होय, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हे गृहीतकृत्य कितपत टिकते हे पाहावयाचे असेल, तर डच दिग्दर्शक पॉल व्हरहूवन याच्या कारकिर्दीइतके सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. १९६९ साली डच दूरचित्रवाणीवरील एका मालिकेने त्याचे नाव घरोघर पोहोचले. १९७१ ते १९८३ या काळात त्याने सहा डच चित्रपट केले. १९८५ ते २००० या काळातील त्याचे सात चित्रपट इंग्रजी आहेत. २००६ साली तो पुन्हा डच भाषेकडे वळला, आणि २०१६ व २०२१ सालचे त्याचे चित्रपट फ्रेंच आहेत.

ह्या प्रवासाची एक रूढ मांडणी आहे. तिच्यानुसार डच काळातील व्हरहूवन हा धीट वास्तववादी कलावंत. अमेरिकेत गेल्यावर तो हिंसा व कामुकता यांचा कुशल व्यापारी झाला. युरोपात परतल्यावर त्याला आपला हरवलेला सूर पुन्हा सापडला. ही मांडणी ऐकावयास गोड आहे, कारण तिच्यात वनवास आणि पुनरागमन यांची जुनी कथा दडलेली आहे. परंतु ती चित्रपटांवरून काढलेली नाही. ज्या डच समीक्षेने पुढे पहिल्या काळाचा गौरव केला, तिच्यातील पुष्कळांनी १९८० साली त्याच काळातील एका चित्रपटावर अत्यंत कठोर प्रहार केले होते. आणि ज्या अमेरिकन चित्रपटांना आरंभी धिक्कार मिळाला, त्यांतील काही पुढे उपरोधाचे नमुने म्हणून वाचले जाऊ लागले. चित्रपट तेच राहिले; बदलले ते ऐकणारे.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, व्हरहूवनच्या चारही कालखंडांत एक गोष्ट कायम आहे, आणि ती व्याकरणाच्या परिभाषेत नेमकी सांगता येते. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे चार अर्थ मानले आहेत. ‘तो जातो’ हा स्वार्थ, ‘जा’ हा आज्ञार्थ, ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ आणि ‘तो जाता तर’ हा संकेतार्थ. स्वार्थ म्हणजे क्रियापदाचा स्वतःचा, केवळ विधान करणारा अर्थ. व्यवहारातील आपमतलबाशी त्याचा संबंध नाही. व्हरहूवनचे कथन स्वार्थात चालते. माणसे अमुक करतात, एवढे ते सांगते. त्यांनी काय करावे हे ते सांगत नाही. त्याच्याविषयीचे बहुतेक वाद, मग ते ॲमस्टरडॅममधले असोत वा सॅन फ्रॅन्सिस्कोमधले, हे ह्या न उच्चारलेल्या विध्यर्थाविषयीचे वाद आहेत.

२

व्हरहूवनचा जन्म १९३८ साली ॲमस्टरडॅम येथे झाला. त्याचे बालपण जर्मन अंमलाखालील हेग शहरात गेले. जर्मनांनी ह्या शहरातून इंग्लंडवर अग्निबाण सोडले, आणि ते तळ उद्ध्वस्त करण्यासाठी आलेल्या ब्रिटिश विमानांनी ३ मार्च १९४५ रोजी चुकून बेझाउडनहाउट ही नागरी वस्ती उद्ध्वस्त केली. मुक्तिदात्याच्या बाँबने आपलीच घरे पडतात हे ज्या शहराने पाहिले, त्या शहरात हा मुलगा सात वर्षांचा होत होता. लहानपणी युद्ध हे आपल्याला साहसासारखे वाटे, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. चरित्रातील घटनांवरून कलेचे स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळावयास हवा. तथापि शत्रू आणि मित्र ही नामे कृतींवर आपोआप बसत नाहीत, हा अनुभव त्याच्या पुढील युद्धपटांत पदोपदी दिसतो, एवढे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही.

लायडन विद्यापीठात त्याने गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. नौदलातील सक्तीच्या सेवाकाळात मरीन दलावर त्याने एक माहितीपट तयार केला (१९६५). त्यानंतर तो दूरचित्रवाणीकडे वळला. डच नाझी पक्षाचा नेता आंटोन मुस्सर्ट याच्यावरील माहितीपट हे त्या काळातील त्याचे एक काम. परंतु खरी कीर्ती मिळाली ती १९६९ सालच्या ‘फ्लोरिस’ ह्या बारा भागांच्या मालिकेने. मध्ययुगाच्या अखेरीचा एक सरदार आपला गढीवजा वाडा परत मिळविण्यासाठी झगडतो, अशी ही कथा ब्रिटिश व फ्रेंच साहसमालिकांच्या धर्तीवर रचली होती. सरदाराची भूमिका रुटगर हाउअर ह्या तेव्हा अपरिचित असलेल्या नटाने केली. भारतीय वाचकाला कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे सरदाराचा सोबती सिंदाला हा हिंदुस्थानातून आलेला फकीर दाखविला आहे. ही भूमिका मात्र एका डच नटाने रंगविली होती, आणि ह्या फकिराचा पूर्वदेश युरोपीय कल्पनेतील पूर्वदेशापलीकडे जात नाही.

ह्या मालिकेचे महत्त्व दोन बाबतींत आहे. एक म्हणजे तिचे लेखन गेरार्ड सूतमान याने केले. व्हरहूवनच्या बहुतेक सर्व डच चित्रपटांच्या आणि पहिल्या इंग्रजी चित्रपटाच्या पटकथांमागे हाच लेखक आहे. त्यामुळे ‘डच व्हरहूवन’ ह्या संज्ञेत दोन माणसे अंतर्भूत आहेत हे विसरता येत नाही. दुसरी बाब कथनाच्या वेगाची. मुलांच्या मालिकेत घटनेमागून घटना यावी लागते. पात्राच्या मनाचे विवरण करण्यास तेथे अवकाश नसतो. क्रियापदांनी वाक्य पुढे नेण्याची ही सवय पुढे त्याच्या प्रौढ चित्रपटांत कायम राहिली.

३

१९७१ साली ‘वात झीन इक’ हा ॲमस्टरडॅममधील वेश्यांच्या जीवनावरील विनोदी चित्रपट आला. दोन वर्षांनी आलेल्या ‘तुर्क्स फ्रॉइट’ ह्या चित्रपटाने डच चित्रपटाचा इतिहासच बदलला. यान वोल्कर्सच्या १९६९ सालच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट सुमारे ३३ लक्ष प्रेक्षकांनी पाहिला. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लक्ष होती, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले, आणि १९९९ साली नेदरलँड्सच्या चित्रपट महोत्सवात शतकातील सर्वोत्कृष्ट डच चित्रपट म्हणून त्याची निवड झाली.

चित्रपटाची कथा एका शिल्पकाराच्या उद्दाम प्रेमाची आणि त्याच्या प्रेयसीच्या मेंदूतील गाठीने होणाऱ्या मृत्यूची आहे. शेवटी रुग्णशय्येवरील ओल्गाला आपले दात तुटतील अशी भीती वाटते, आणि ती फक्त मऊ तुर्की मिठाई खाते. शीर्षक आले आहे ते येथून. ह्या प्रसंगाभोवती दिग्दर्शकाने करुणेचे कोणतेही वलय निर्माण केलेले नाही. शरीराचा उन्माद ज्या सरळपणे दाखविला, त्याच सरळपणे शरीराचा क्षयही दाखविला आहे. मळ, रक्त, ओकारी, भूक ह्या गोष्टी एकाच पातळीवर येतात. प्रेक्षकाला गहिवर येतो तो ह्या समपातळीमुळेच. दिग्दर्शकाने मागितला म्हणून नव्हे.

‘केट्ये टिपल’ (१९७५) ह्या चित्रपटाचा मूलाधार भाषिक दृष्ट्या मोठा उद्बोधक आहे. नेल डॉफ ह्या डच स्त्रीने ॲमस्टरडॅममधील आपल्या दारिद्र्याच्या आठवणी लिहिल्या त्या फ्रेंच भाषेत. म्हणजे ज्या उपासमारीची बोली डच होती, तिची कथा प्रथम फ्रेंचमध्ये सांगितली गेली, आणि व्हरहूवनने ती पडद्यावर पुन्हा डचमध्ये आणली. दुःखापासून अंतर मिळविण्यासाठी लेखिकेला परभाषेचा आश्रय उपयोगी पडला असेल, असे अनुमान करता येते. व्हरहूवनच्या स्वतःच्या कारकिर्दीतही पुढे असाच भाषांचा फेरा येणार होता.

‘सोल्दात फान ओरान्ये’ (१९७७) हा एरिक हाझेलहॉफ रूल्फझेमा ह्या प्रतिकारवीराच्या आठवणींवरील चित्रपट. त्याचा आरंभ जुन्या वार्तापटाच्या रूपात होतो : राणी विल्हेल्मिना मायदेशी परतते आणि कथेचा नायक तिच्या समवेत दिसतो. वार्तापटाचा स्वर राष्ट्रीय अभिमानाचा आहे. त्यानंतर चित्रपट भूतकाळात जातो आणि लायडनमधील विद्यार्थिमित्रांची एक तुकडी दाखवितो. त्यांतला कोणी प्रतिकारात जातो, कोणी फितूर होतो, कोणी जर्मन सैन्याच्या गणवेशात रशियात मरतो, कोणी अभ्यास चालू ठेवून पदवी मिळवितो. ह्या निवडींमागे थोर तत्त्वांपेक्षा योगायोग, स्वभाव आणि भीती यांचा वाटा अधिक आहे. नायक आणि त्याचा नाझीपक्षीय मित्र यांचे टँगो नृत्य हा ह्या चित्रपटातील प्रसिद्ध प्रसंग होय. दोघे हसत, परस्परांना जोखत नाचतात. कोण बरोबर आणि कोण चूक हे त्या क्षणी पडद्यावर लिहिलेले नसते. वार्तापट सांगतो ते विध्यर्थातले, चित्रपट सांगतो ते स्वार्थातले. आणि दोन्ही एकाच कलाकृतीत शेजारी शेजारी ठेवण्याची युक्ती व्हरहूवनला येथे प्रथम सापडली. तिचे मोल दहा वर्षांनंतर कळावयाचे होते.

४

‘स्पेटर्स’ (१९८०) हा चित्रपट येताच डच समाजाने ह्या कथनपद्धतीचा जाब विचारला. मोटारसायकल-शर्यतींचे वेड असलेले तीन कामकरी तरुण, आणि फिरत्या गाडीवर तळलेले बटाटे विकणारी, कोणाच्या तरी आधाराने वर चढू पाहणारी एक तरुणी, ही त्यातील मुख्य पात्रे. एक तरुण अपघाताने पंगू होतो आणि आत्महत्या करतो. कर्मठ कॅल्व्हिनवादी बापाच्या धाकात वाढलेला दुसरा समलिंगी पुरुषांना लुबाडीत असतो. त्याच्यावर सामूहिक बलात्कार होतो, आणि त्यानंतर तो स्वतःची समलिंगी वृत्ती मान्य करतो. चित्रपटाविरुद्ध एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली. स्त्रिया, समलिंगी व अपंग यांची तो विटंबना करतो, असा आक्षेप होता.

ह्या आक्षेपाला सवंग म्हणून झटकून टाकणे न्याय्य होणार नाही. बलात्कारातून आत्मज्ञान होते असे कथानक मांडले, की प्रेक्षक त्यातून सामान्य विधान काढणारच; आणि ते विधान असत्य आहे, एवढेच नव्हे तर अपाय करणारे आहे. दिग्दर्शकाची बाजू अशी मांडता येईल : ‘एका तरुणाच्या बाबतीत असे घडले’ हे एकवचनी विधान आहे. परंतु भाषेत एकवचनी विधानेही नेहमीच एकवचनी राहत नाहीत. ‘वाघ मांस खातो’ ह्या वाक्यात एकवचन आहे, पण अर्थ जातिवाचक आहे. कोणते एकवचन व्यक्तिवाचक आणि कोणते जातिवाचक, हे वाक्याच्या रूपावरून ठरत नाही. ते संदर्भावरून ठरते. ज्या समाजगटाच्या प्रतिमा पडद्यावर विरळ असतात, त्याचे प्रत्येक चित्रण जातिवाचक होऊन बसते. ‘स्पेटर्स’चा दोष येथे आहे. स्वार्थात बोलणाऱ्याला श्रोत्याच्या स्थितीचे भान सुटले, तर त्याची तटस्थता क्रूर ठरते.

‘द फीर्दे मान’ (१९८३) हे ह्या वादाला दिलेले मिस्कील उत्तर म्हणता येईल. गेरार्ड रेव्हच्या कादंबरीवरील ह्या चित्रपटात तीन नवऱ्यांना गमावलेली एक विधवा आणि तिच्या जाळ्यात आपण चौथे ठरू अशी भीती बाळगणारा एक कॅथलिक लेखक आहे. येथे प्रतीकांची इतकी रेलचेल आहे की समीक्षकांना ती उचलण्यास वाकावेही लागू नये; आणि ही रेलचेल आपण हेतुतः केली, असे व्हरहूवनने नंतर कबूल केले आहे. समीक्षकांनी चित्रपटाचा गौरव केला. त्यातील विनोदाची खरी जागा मात्र अशी की, सर्व चिन्हांचा अर्थ लावणारा लेखक हाच चित्रपटात सर्वांत अविश्वसनीय पात्र आहे. घटना घडतात एवढे खरे. त्यांचा संकेत त्याच्या मनात आहे.

५

‘फ्लेश अँड ब्लड’ (१९८५) हा त्याचा पहिला इंग्रजी चित्रपट, आणि ‘रोबोकॉप’ (१९८७) हा अमेरिकेत केलेला पहिला. ‘रोबोकॉप’ची संहिता त्याने प्रथम टाकाऊ समजून बाजूस सारली होती, पत्नीने आग्रह केल्यावर ती नीट वाचली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्याकडे केवळ गंमत म्हणून न पाहता ती भाषिक घटना म्हणून पाहणे इष्ट. एडवर्ड न्यूमायर आणि मायकल मायनर यांच्या लेखनातील उपरोध परभाषिक वाचकाला पहिल्या वाचनात ऐकू आला नाही. मम्मटाने व्यंजनेचे हेतू सांगताना वक्ता, श्रोता, काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादींचा उल्लेख केला आहे. परक्या भाषेत वाच्यार्थ कळतो, पण काकू, म्हणजे उच्चारातील अर्थसूचक वळण, निसटते. देश आणि प्रस्ताव हेही परके असतात. पुढे अमेरिकन प्रेक्षकांनी व्हरहूवनच्या बाबतीत जी चूक केली, तीच चूक आधी त्याने स्वतः केली होती.

ही उणीव त्याने ज्या रीतीने भरून काढली ती त्याच्या अमेरिकन काळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या समाजाच्या घरगुती बोलीतील बारकावे आपल्याला ऐकू येत नाहीत, त्या समाजाची जाहीर बोली त्याने उचलली. ‘रोबोकॉप’चे कथन वारंवार थांबते आणि दूरचित्रवाणीवरील बातम्या व जाहिराती सुरू होतात. कृत्रिम हृदय विकत घ्या. अवाढव्य मोटार घ्या. कुटुंबाने एकत्र बसून अणुयुद्धाचा खेळ खेळा. ह्या जाहिराती आज्ञार्थात बोलतात. नायकाचे मनही आज्ञार्थावर चालते : त्याच्या डोळ्यांसमोर तीन आज्ञा उमटतात, आणि चौथी आज्ञा गुप्त असते. कंपनीच्या उच्चाधिकाऱ्यास अटक करू नये, ही ती आज्ञा. चित्रपटाच्या शेवटी त्याला नाव विचारले जाते, आणि तो यंत्राचे नव्हे तर आपले माणूसपणीचे नाव सांगतो. आज्ञांच्या साखळीतून सुटून एका साध्या विधानापर्यंत येणे हाच ह्या कथेचा प्रवास आहे. डच वार्तापटाने १९७७ साली जे काम केले, ते येथे अमेरिकन जाहिरातीने अधिक धारदारपणे केले.

‘टोटल रिकॉल’ (१९९०) मध्ये नायकाचा मंगळावरील पराक्रम खरा की विकत घेतलेले स्वप्न, ह्याचा निर्णय होत नाही. दोन्ही शक्यता सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात, आणि अखेरीस पडदा पांढरा होतो. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ (१९९२) च्या चित्रीकरणाच्या वेळी सॅन फ्रॅन्सिस्कोत समलिंगी संघटनांनी निदर्शने केली. समलिंगी वा उभयलिंगी स्त्री आणि खून यांची सांगड चित्रपट घालतो, हा त्यांचा आक्षेप ‘स्पेटर्स’वरील आक्षेपाचा सख्खा भाऊ होता, आणि त्याचे उत्तरही तितकेच अपुरे राहिले.

‘शोगर्ल्स’ (१९९५) चे अपयश ह्याच चौकटीत समजून घेता येते. लास व्हेगासमधील एका नर्तकीच्या चढाओढीच्या ह्या कथेत सारेच जग जाहिरातीचे आहे. त्यामुळे जाहिरातीला वेगळे दाखविणारी चौकट उरलेली नाही. संवाद भडक आहेत, आणि तो भडकपणा पात्रांचा की चित्रपटाचा हे सांगणारी कोणतीही खूण नाही. निकृष्ट चित्रपटासाठी देण्यात येणारी ‘गोल्डन रॅस्पबेरी’ पारितोषिके त्यावर बरसली, आणि व्हरहूवनने १९९६ साली स्वतः जाऊन ती स्वीकारली. ह्या चित्रपटाची पाठराखण प्रथम करणाऱ्यांत झाक रिव्हेत हा फ्रेंच दिग्दर्शक होता. इंग्रजी संवादांचा कर्कशपणा परभाषिक कानाला कमी बोचला असावा आणि दृश्यांची कठोर संगती अधिक स्पष्ट दिसली असावी, असे अनुमान अवाजवी होणार नाही. तरीही चित्रपटाचा एक दोष पाठराखणीने झाकत नाही. नायिकेच्या मैत्रिणीवर अत्याचार होतो आणि नायिका त्याचा सूड घेते, येथे चित्रपट एकाएकी विध्यर्थात बोलू लागतो. तोवर ज्याने कोणाचाच न्याय केला नाही, त्याने केलेला हा घाईचा न्याय कृत्रिम वाटतो.

‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७) मध्ये चौकट परत आली. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ सालच्या कादंबरीतील लष्करी राष्ट्र चित्रपटात सैन्यभरतीच्या प्रचारपटांतून बोलते, आणि त्या प्रचारपटांची रचना नाझी प्रचारपटांची आठवण करून देणारी आहे. देखणे, निर्मळ, निर्विचार तरुण कीटकांशी लढतात. अखेरीस पकडलेल्या कीटकाला भीती वाटते आहे असे जाहीर होताच सैनिक जल्लोष करतात. आणि कथेचे नायकच पुढल्या भरतीपटातील चेहरे होऊन जातात. त्या वेळी काही अमेरिकन समीक्षकांनी ह्या चित्रपटावरच फॅसिझमचा आरोप केला. हेगमधील रस्त्यांवर हे गणवेश ज्याने पाहिले होते त्याला खूण उघड वाटली. ज्यांचा देश आणि काल निराळा होता त्यांना ती दिसली नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न येथे गौण आहे. उपरोध हा एकट्या वक्त्याचा गुण नसून वक्ता व श्रोता यांच्यातील व्यवहार आहे, एवढे ह्या उदाहरणाने सिद्ध होते. ‘हॉलो मॅन’ (२०००) मध्ये मात्र असा व्यवहारच नाही. तो कोणीही केला असता असा चित्रपट झाला, असे त्याने स्वतःच म्हटले आहे.

६

‘झ्वार्तबूक’ (२००६) हा परतीचा चित्रपट. त्यातील सामग्री व्हरहूवन व सूतमान यांनी ‘सोल्दात फान ओरान्ये’च्या काळापासून जमविली होती. नायिका राखेल श्टाइन ही ज्यू गायिका. आरंभी तिला आश्रय देणारा ख्रिस्ती शेतकरी तिच्याकडून बायबलमधील वचने म्हणवून घेतो आणि मग जेवण देतो. पुढे ती नाव बदलते, केसांचा रंग बदलते, आणि जर्मन अधिकाऱ्याशी जर्मन बोलते. चित्रपटात डच, जर्मन, इंग्रजी आणि हिब्रू ह्या चारही भाषा आहेत. प्रत्येक भाषा नायिकेला कोठे तरी जीव वाचविण्यासाठी वापरावी लागते. चौकटीसाठी आता वार्तापटाची वा जाहिरातीची गरज राहिलेली नाही. भाषांतरच चौकट झाले आहे. मुक्तीनंतर डच लोक बंदिवानांचा जो छळ करतात, त्यात नायिकेच्या अंगावर विष्ठा ओतली जाते. आणि हे करणाऱ्यांची भाषा तिचीच भाषा असते. कथेचा शेवट १९५६ सालच्या इस्रायलमधील किबुत्झवर होतो. भोंगा वाजतो आणि सैनिक तारेच्या कुंपणाशी जागा घेतात. युद्ध संपले, असे विधान करण्यासही हा चित्रपट तयार नाही.

२०१२ सालच्या ‘स्टेकस्पेल’ ह्या छोट्या प्रयोगात संहितेची पहिली काही पाने लेखिकेने लिहिली आणि पुढील भाग लोकांनी पाठविलेल्या लेखनातून सिद्ध झाला. बोलणारा कोण, हा प्रश्न येथे खेळासारखा आला. ‘एल’ (२०१६) मध्ये तोच गंभीर होतो. फिलिप जियाँच्या फ्रेंच कादंबरीवरून डेव्हिड बर्क याने इंग्रजी पटकथा लिहिली. चित्रपट अमेरिकेत व्हावयाचा होता. ती भूमिका करण्यास तेथील नामांकित अभिनेत्री तयार होईनात, असे व्हरहूवनने सांगितले आहे. मग पटकथा फ्रेंचमध्ये परतली आणि इझाबेल ह्यूपेर हिने भूमिका केली. नेल डॉफच्या आठवणींनी फ्रेंचमधून डचमध्ये केलेल्या प्रवासाचेच हे दुसरे रूप.

चित्रपटाच्या आरंभी अंधाऱ्या पडद्यावर बलात्काराचे आवाज ऐकू येतात. मग घरातील मांजर पाहताना दिसते. हल्लेखोर गेल्यावर मिशेल फुटलेल्या भांड्यांचे तुकडे झाडते, स्नान करते आणि दूरध्वनीवरून जेवण मागविते. स्वार्थातील वाक्यांची ही मालिका व्हरहूवनच्या साऱ्या कलेचा सारांश म्हणता येईल. परंतु ‘स्पेटर्स’हून एक महत्त्वाचा फरक येथे आहे. तेथे विध्यर्थ वगळणारा दिग्दर्शक होता. येथे तो नाकारणारी स्वतः नायिका आहे. पीडितेने कसे वागावे, ह्याविषयी समाजाची जी अपेक्षा असते, ती पुरी करण्याचे ती नाकारते. त्यामुळे एकवचन येथे खरोखर एकवचन राहते. मिशेल ही मिशेलच असते. ह्या यशात ह्यूपेरचा वाटा किती आणि दिग्दर्शकाचा किती, हे वेगळे काढणे शक्य नाही. तथापि ज्या भाषेच्या बारकाव्यांसाठी त्याला नटीवर विसंबावे लागले, तिच्यात त्याने नटीला अधिक बोलू दिले, असे चित्रपट पाहताना जाणवते. ‘एल’ला उत्कृष्ट चित्रपटासाठी सेझार पारितोषिक मिळाले.

‘बेनेदेत्ता’ (२०२१) ही सतराव्या शतकातील पेशा ह्या इटालियन गावच्या एका जोगिणीची कथा, जुडिथ ब्राउन ह्या अमेरिकन इतिहाससंशोधिकेच्या ग्रंथावर आधारलेली. सूतमानने ह्या चित्रपटावरून आपले नाव काढून घेतले. कामुकतेचे प्रमाण त्याला मान्य नव्हते. त्याची नाराजी निराधार नाही. परंतु चित्रपटाचा गाभा अन्यत्र आहे. बेनेदेत्ताच्या मुखातून कधी कधी पुरुषी, संतप्त आवाज निघतो, आणि तो ख्रिस्ताचा असल्याचे ती म्हणते. तो कोणाचा, हे चित्रपट सांगत नाही. ह्या प्रश्नाशी व्हरहूवनचा परिचय जुना होता. येशूच्या तोंडी घातलेल्या वचनांपैकी त्याची स्वतःची कोणती, ह्यावर रंगीत मण्यांनी मत देणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांच्या मंडळात तो भाग घेत असे, आणि नाझरेथच्या येशूवर त्याने २००८ साली डचमध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला.

७

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. स्वार्थाचा हा आग्रह म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे काय? ज्याला काहीच म्हणावयाचे नाही, तोही ‘मी केवळ सांगतो’ असेच म्हणेल. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ आणि ‘हॉलो मॅन’ यांच्या बाबतीत हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. परंतु ‘सोल्दात फान ओरान्ये’, ‘रोबोकॉप’, ‘स्टारशिप ट्रूपर्स’, ‘झ्वार्तबूक’ आणि ‘एल’ ह्या पाच चित्रपटांत विध्यर्थ अनुपस्थित नाही. तो पात्रांच्या, राज्यसत्तेच्या, बाजाराच्या किंवा शेजाऱ्यांच्या मुखी ठेवला आहे. ‘असे करावे’ हे कोण म्हणतो आणि त्यात त्याचा लाभ काय, हे प्रेक्षकाला पाहता येते. कथन स्वार्थात राहिल्यामुळेच दुसऱ्यांचा विध्यर्थ ऐकू येतो. जेथे ही योजना नाही, तेथे तटस्थता पोकळ किंवा निष्ठुर झाली आहे.

ह्या कसोटीवर डच, अमेरिकन व फ्रेंच हे कालखंड चढत्या वा उतरत्या श्रेणीने लावता येत नाहीत. प्रत्येक भाषेत त्याचे काही चित्रपट साधले आहेत आणि काही फसले आहेत. आणि साधले ते तेथेच, जेथे त्या भाषेतील आज्ञा व उपदेश यांचा उगम त्याने अचूक हेरला. डचमध्ये तो राष्ट्रीय स्मृतीत होता, इंग्रजीत जाहिरातीत आणि भरतीपटात, फ्रेंचमध्ये सभ्य घरातील संभाषणात. अक्षरपट्टीच्या आधारे चित्रपट पाहणाऱ्या समीक्षकाला वाच्यार्थ मिळतो. त्या भाषेत आज्ञा कोण देतो आणि ती कोणत्या स्वरात दिली जाते, हे त्याला स्वतंत्रपणे शोधावे लागते. व्हरहूवनवरील टीकेचा पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर चुका झाल्या त्या बहुधा हा शोध न घेतल्यामुळे झाल्या, असे दिसून येईल.